मनातून आपल्या, मतातून त्यांच्या

निवेदनं घेऊन आमदार-खासदारांच्या दारात उभं राहण्यात माझी बरीच वर्षं गेली. या काळात पक्ष बदलले, माणसं बदलली, एक वाक्य मात्र तेच राहिलं. "ताई, मी मनातून तुमच्याच बाजूचा आहे, पण पक्षाचं धोरण..." हे वाक्य कधीच पूर्ण होत नाही. आपण चहा पिऊन बाहेर पडतो आणि जिना उतरताना आपल्यातली एक तरी म्हणतेच, "निदान हा माणूस बरा आहे."

मैत्रिणींनो, या 'निदान बऱ्या' माणसांविषयी मला बोलायचं आहे. प्रत्येक पक्षात ती असतात. पक्ष कडवेपणाकडे झुकू लागला की आपली सगळी आशा त्यांच्यावर जाऊन बसते. माझं म्हणणं सरळ आहे. त्यांचं मत मिळालं तर जरूर घ्यावं, पण आपला हक्क त्यांच्याकडे सांभाळायला ठेवू नये. अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाचं उदाहरण मी घेते, कारण तिथे कोणी कधी कुठे मत दिलं याचा हिशोब आकड्यांसकट मांडता येतो.

आज गर्भपातविरोधाचा गड असलेला हा पक्ष नेहमी असा नव्हता. १९४० मध्येच त्याने आपल्या जाहीरनाम्यात स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला पाठिंबा दिला होता. गर्भपाताचा हक्क मान्य करणारा १९७३ चा 'रो विरुद्ध वेड' निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्लॅकमन हे रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांनी नेमलेले होते. १९८० मध्ये रेगन यांच्या उमेदवारीच्या वेळी पक्षाने समान हक्कांचा पाठिंबा काढून घेतला आणि गर्भपाताविरुद्धच्या घटनादुरुस्तीची बाजू उचलून धरली. पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या सह-अध्यक्ष मेरी क्रिस्प यांनी याला उघड विरोध केला. त्यांना पद सोडावं लागलं. बाकीच्या बहुतेक मवाळांनी आत राहणं पसंत केलं. आत राहिलो तरच काही रोखता येईल, हा त्यांचा युक्तिवाद.

आत राहून त्यांनी काय रोखलं?

सिनेटमधल्या दोघी सर्वांना माहीत आहेत. मेन राज्याच्या सुझन कॉलिन्स आणि अलास्काच्या लिसा मर्काउस्की. दोघीही गर्भपाताचा हक्क मानणाऱ्या. २८ जुलै २०१७ च्या पहाटे या दोघी आणि जॉन मकेन अशा तीन रिपब्लिकन मतांमुळे ओबामांच्या काळातला आरोग्य विम्याचा कायदा वाचला. ४९ विरुद्ध ५१. त्याच विधेयकात 'प्लॅन्ड पेरेंटहुड' या संस्थेच्या दवाखान्यांचा सरकारी पैसा वर्षभर तोडण्याचं कलमही होतं. तेही पडलं. हा खरा विरोध होता आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण त्या पहाटेच्या आधी काय घडलं होतं तेही पाहू या. जूनमध्ये अपंग कार्यकर्ते चाकाच्या खुर्च्यांसह सिनेटमधल्या बहुमताच्या नेत्याच्या कार्यालयाबाहेर जमिनीवर आडवे झाले. पोलिसांनी ४३ जणांना उचलून नेलं. चार जुलैला कॉलिन्सबाई आपल्या राज्यातल्या ईस्टपोर्ट गावच्या मिरवणुकीत चालल्या, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक त्यांना एकच गोष्ट विचारत होते : आमच्या आरोग्य विम्याचं काय? एवढी माणसं मागे उभी असली की मवाळांना कणा सापडतो.

आता पुढचं वर्ष. सर्वोच्च न्यायालयासाठी ब्रेट कॅव्हनॉ यांचं नाव आलं. क्रिस्टीन ब्लासी फोर्ड यांनी सिनेटच्या समितीसमोर येऊन, देशाच्या देखत, त्यांच्यावर लैंगिक हल्ल्याचा आरोप केला. कॅव्हनॉ यांनी तो नाकारला. ५ ऑक्टोबर २०१८ ला कॉलिन्सबाईंनी लांबलचक भाषण करून कॅव्हनॉ यांना पाठिंबा जाहीर केला. हे गृहस्थ जुन्या निकालांचा मान राखतील, 'रो' सुरक्षित आहे, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला. दुसऱ्या दिवशी ५० विरुद्ध ४८ मतांनी नेमणूक मंजूर झाली. मर्काउस्कीबाईंचा विरोध होता, पण मुलीच्या लग्नाला गेलेल्या पक्षबंधूच्या गैरहजेरीची भरपाई म्हणून त्यांनी फक्त 'उपस्थित' अशी नोंद केली.

२४ जून २०२२ ला 'रो' रद्द झाला. रद्द करणाऱ्या न्यायमूर्तींत कॅव्हनॉ होते. आपल्याला खाजगीत सांगितलं होतं त्याच्याशी हे जुळत नाही, असं कॉलिन्सबाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं असेल, मी नाकारत नाही. पण उपचारासाठी दुसऱ्या राज्यात शेकडो मैल जावं लागणाऱ्या बाईला त्या वाईट वाटण्याचा उपयोग काय?

अधेमधे त्यांनी 'नाही'ही म्हटलं. ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायमूर्ती बॅरेट यांच्या नेमणुकीला विरोध करणाऱ्या त्या एकट्या रिपब्लिकन. निवडणुकीच्या तोंडावर नेमणूक नको, हे त्यांचं कारण. त्यांची स्वतःची निवडणूक आठ दिवसांवर होती आणि पक्षाकडे ५२ मतं शिल्लक होती. असा 'नाही' पक्षालाही परवडतो.

जुलै २०२५ मध्ये तर चित्र अगदी स्वच्छ झालं. ट्रम्प यांच्या मोठ्या अर्थविधेयकात गरिबांच्या 'मेडिकेड' योजनेला कात्री होती आणि २०१७ मध्ये पडलेलं ते दवाखान्यांचं कलम पुन्हा होतं. सुमारे एक कोटी लोक विम्याबाहेर जातील, असा संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज. कॉलिन्सबाईंसह तिघे रिपब्लिकन विरोधात गेले. आणखी एक मत गेलं असतं तर विधेयक पडलं असतं. ते मत मर्काउस्कीबाईंचं होतं. अलास्कासाठी काही सवलती पदरात पाडून त्यांनी 'हो' म्हटलं आणि खालच्या सभागृहाने विधेयक सुधारावं अशी इच्छा व्यक्त केली. ५० विरुद्ध ५०, उपाध्यक्षांचं निर्णायक मत, विधेयक मंजूर. खालच्या सभागृहाने त्यातला एक शब्दही बदलला नाही.

याच मर्काउस्कीबाई २०१० मध्ये पक्षाने उमेदवारी नाकारल्यावर मतदारांनी मतपत्रिकेवर हाताने नाव लिहून निवडून आणलेल्या. आणि याच बाईंनी एप्रिल २०२५ मध्ये, आम्ही सगळे घाबरलेले आहोत, अशी जाहीर कबुली दिली होती. इतकं स्वतंत्र बळ असलेली बाई जिथे घाबरते, तिथे बाकीच्यांची काय कथा?

काही मैत्रिणी म्हणतात, मवाळांवर टीका केली तर त्यांच्या जागी कडवे येतील. भीती खरी आहे. म्हणून मी त्यांच्याशी बोलणं तोडा असं म्हणत नाही. पण टीकेच्या भीतीने आपण गप्प बसलो तर त्यांच्यावर दबाव उरतो तो फक्त कडव्यांचा.

आपल्याकडे तर परिस्थिती आणखी बिकट आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडून मत देणाऱ्याची खासदारकी-आमदारकीच धोक्यात येते. म्हणजे मतदानाच्या दिवशी 'मनातून आपला' माणूस जवळजवळ निरुपयोगी. शाहबानो प्रकरण आठवा. एप्रिल १९८५ चा निकाल आला, तेव्हा राज्यमंत्री आरिफ मोहम्मद खान लोकसभेत त्याच्या बाजूने बोलले. सरकारने तोंड फिरवलं, तेव्हा १९८६ च्या फेब्रुवारीत त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्यांनी किंमत मोजली. तरीही चारशेहून अधिक खासदारांच्या पक्षाने मे महिन्यात कायदा करून घेतलाच. घटस्फोटित मुस्लिम बाईच्या पोटगीला पुन्हा बळ मिळालं ते २००१ मध्ये, न्यायालयात, वर्षानुवर्षं लढत राहिलेल्यांमुळे.

तेव्हा यापुढे कोणी 'मनातून तुमच्याबरोबर' म्हणालं, की चहा पिण्याआधी तीन प्रश्न विचारू या. हे तुम्ही लेखी आणि जाहीर सांगाल का? पक्षादेश निघण्यापूर्वी पक्षाच्या बैठकीत तुम्ही काय बोललात? आणि तुमच्या एका मतावर निकाल अडला असेल, तेव्हा काय कराल? उत्तरं वहीत तारखेसह लिहून ठेवायची. सहा महिन्यांनी वस्तीतल्या बायकांना बरोबर घेऊन परत जायचं आणि ती वही त्यांच्यासमोर उघडायची.

असं कोणत्या गटाने करून पाहिलं असेल तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहा. काय उत्तरं मिळाली, ते सगळ्याजणींना कळू द्या.