ऊन सगळ्यांचं, सावली कुणाची?

मैत्रिणींनो,

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ऊन चटके द्यायला लागलेलं असेल. पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोडीच्या टोळ्या अजून फडात असतील, नाहीतर परतीच्या वाटेवर. नगर-पारनेरकडे उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झालेली असेल. अशा वेळी संपादकीयात मी क्रीमबद्दल लिहिणार आहे. हे वाचून काहीजणींच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. माझ्याही उंचावल्या असत्या, दिवाळीनंतरच्या त्या बैठकीपर्यंत.

पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती. टोळी निघायला चारच दिवस उरलेले, म्हणून हिशोब पुरे करून घ्यायचे होते. देवळाच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. पिशवीतून रजिस्टर काढताना माझी छोटी बाटली बाहेर पडली आणि घरंगळत गेली. एका बाईने ती उचलली, उलटसुलट करून पाहिली.

"ताई, हे काय असतं ओ?"

"काही नाही. ऊन लागू नये म्हणून लावायचं असतं."

ती हसली. "उन्हात तर आम्ही असतो, आणि लावता तुम्ही!"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जे दिसलं ते तिने सांगितलं. सगळ्याजणी हसल्या, मीही हसले. पण परतीच्या एस.टी.त ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं ते उतरेना. इतकी वर्षं मी या बायकांमध्ये काम करते. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, सातबाऱ्यावर दोघांचं नाव, रेशनकार्ड, हिमोग्लोबिन, सगळ्यावर बोलले. मात्र रोज सकाळी आरशासमोर मी स्वतःच्या चेहऱ्यासाठी जे करते, त्याबद्दल एक अक्षरही कधी काढलं नव्हतं.

का नाही काढलं? मला वाटतं, याचं उत्तर आपल्या सगळ्यांच्याच घडणीत आहे. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्ही गोरेपणाच्या जाहिरातींवर पथनाट्य करायचो. क्रीम, पावडर, पार्लर हा सगळा बाजाराचा, म्हणजे विरोधी पक्षाचा प्रांत, असं आम्ही धरून चाललो. तो विरोध चुकीचा नव्हता. 1975 साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली. गोरी झाली की नोकरी मिळते, नवरा मिळतो, बाप खूश होतो, हे तिने मग घराघरांत पोचवलं. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने या जाहिरातींविरुद्ध दाद मागितली आणि 2003 साली त्यातल्या काही मागे घ्याव्या लागल्या. 2020 साली त्या क्रीमच्या नावातलं 'फेअर'ही गेलं, 'ग्लो' आलं. नाव बदललं, लग्नाच्या जाहिरातीतला 'गोरी, सडपातळ' हा मजकूर मात्र आपल्याकडच्या बायोडेटांमधून हललेला नाही. माझ्याही 'दाखवण्याच्या' कार्यक्रमाआधी महिनाभर आईने मला असंच एक क्रीम लावायला दिलं होतं. मी चिडले होते, आणि लावलंही होतं.

आपण विरोध केला तो गोरेपणाला. पण त्या भरात कातडीची खरी गरज आपण कुणाच्या हवाली केली? फुटलेल्या टाचा, उलणारे हात, गालांवरचा वांग, उन्हाने होणारी आग ही काही नखऱ्याची दुखणी नाहीत, कामाची दुखणी आहेत. त्यांच्याबद्दल आपण बोललो नाही, दुकानदार बोलला.

त्याच बैठकीत, माझ्या बाटलीवरून विषय निघाल्यावर, पंचविशीतल्या एकीने कमरेच्या पिशवीतून एक ट्यूब काढली. गालावर वांग आला म्हणून औषधाच्या दुकानातून मागून घेतलेली. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळला, म्हणून ती लावत राहिली. वर्ष होत आलं होतं. आता गाल लाल, कातडी कागदासारखी पातळ, बारीक लव उगवलेली. चुलीजवळ बसली तरी आग होते. लावायचं थांबवलं की त्याहून जास्त आग होते, म्हणून पुन्हा लावते. ट्यूबवरचं नाव मी वाचलं. ते स्टेरॉइडचं मलम होतं. नायटा किंवा इसबासारख्या त्रासावर म्हणून ही मलमं दुकानातून दिली जातात आणि चेहरा उजळतो म्हणून पुढे मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे पोचतात. 2018 साली केंद्र सरकारने अशा 14 स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीला मनाई केली. तरी तिला ती चिठ्ठीशिवायच मिळाली. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही नावं आपल्या प्रत्येक गटाने भिंतीवर लिहून ठेवावीत. यातलं एखादं कुणी महिनोन् महिने चेहऱ्याला लावत असेल, तर तिला एकदम बंद करायला सांगू नका; आधी सरकारी दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.

दुसरा धोका याहून मुका आहे. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडल्याची बातमी 2023 साली आली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तपास झाला तेव्हा कारण सापडलं, ते त्या वापरत असलेलं गोरेपणाचं क्रीम. त्यात पारा होता. पारा कातडीतला रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून चेहरा उजळ दिसतो. आणि तोच पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात उतरतो. गरोदरपणात तो पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. आठवड्यात गोरं करणारी, डबीवर कारखान्याचा पत्ता नाही, परवान्याचा क्रमांक नाही, घटकांची यादी नाही, अशी क्रीमं आठवडे बाजारात, जत्रेत, पार्लरच्या टेबलावर सर्रास दिसतात. नियम साधा ठेवूया: ज्या डबीवर पत्ता, परवाना, घटक आणि तारीख नाही, ती कितीही स्वस्त असली तरी घरात आणायची नाही.

"मग आम्ही घ्यायचं तरी काय? घरात सात माणसं आहेत," असं त्या बाईने मला विचारलं. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर डॉक्टरांशी बोलून, वाचून, हिशोब मांडून जे हाती आलं ते इथे देते.

पहिली गोष्ट, कातडी मऊ ठेवणं आणि उन्हापासून राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. मऊ ठेवायला महागडं काहीच लागत नाही. पेट्रोलियम जेली, जिला आपण सगळ्याच व्हॅसलीन म्हणतो, किंवा साधं खोबरेल तेल पुरतं. अंघोळीनंतर अंग किंचित ओलं असतानाच लावावं, म्हणजे ओल आत धरून राहते. रात्री टाचांना लावून वर जुने मोजे घातले तर भेगा भरतात. एक मोठी डबी अख्ख्या घराला होते. पण खोबरेल तेल ऊन अडवत नाही, हेही लक्षात ठेवावं.

दुसरी गोष्ट उन्हाची. सनस्क्रीनवर एस.पी.एफ. असा आकडा असतो. कातडी भाजणारी किरणं किती अडतील, ते तो सांगतो. 15 आकड्याचं साधारण 93 टक्के, 30 चं 97 टक्के आणि 50 चं 98 टक्के किरणं अडवतं. म्हणजे 30 आपल्याला पुरे. त्या पुढच्या एका टक्क्यासाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. कातडीत खोल जाणाऱ्या किरणांसाठी शेजारी पी.ए. ही अक्षरं आणि अधिकच्या खुणा असतात. तीन खुणा असाव्यात. 'ग्लो', 'व्हाइट', 'ब्राइट', 'डी-टॅन' हे शब्द जितके मोठे, तितकी आपली शंका मोठी असावी. ऊन कातडीला अडवायचं आहे, रंगाला नाही. आपल्या सावळ्या कातडीतला रंग हीच मुळात उन्हापासूनची आपली पहिली राखण आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र काहीच लावू नये. त्याला सावली आणि कपडा द्यावा.

तिसरी गोष्ट हिशोबाची, जी कोणतीही जाहिरात सांगत नाही. डब्यावरचा आकडा खरा ठरायचा तर चेहरा आणि मान मिळून दर वेळी साधारण एक ग्रॅम क्रीम लागतं, म्हणजे दोन बोटांवर लांबट रेघ ओढावी इतकं. घामाने ते निघून जातं, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. उन्हात राबणाऱ्या बाईला दिवसातून चार वेळा, म्हणजे चार ग्रॅम. 50 ग्रॅमची ट्यूब बारा दिवसांत संपली. ती दोनशे रुपयांना मिळते असं धरलं तर एकीचे दिवसाला सोळा रुपये, नवरा-बायकोचे बत्तीस. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे एका मजुरीचा दहावा हिस्सा नुसत्या दोन चेहऱ्यांवर, आणि हातपाय उघडेच!

म्हणून त्या बाईला पुढच्या भेटीत मी जे उत्तर दिलं, ते तिलाच आधीपासून माहीत होतं. तोडीला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, डोक्याला आणि तोंडाला फडकं बांधतात. आपल्याला ते गरिबीचं चित्र वाटतं. डॉक्टर सांगतात, उन्हापासूनचं सगळ्यात भरवशाचं साधन तेच आहे: घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा कपडा, आणि सावली. त्यातून जे उघडं उरतं, तेवढ्यापुरतं क्रीम. सात माणसांच्या घराने जेलीची एक डबी सगळ्यांसाठी घ्यावी आणि सनस्क्रीनची एकच ट्यूब, ज्याला खरी गरज आहे त्याच्यासाठी. जिला वांग आहे तिला, कारण ऊन त्याला वाढवतं. बाळंतपणात किंवा गोळ्यांमुळे आलेला वांग असला तरीही. ज्याच्या अंगावर कोड आहे त्याला, कारण त्या पांढऱ्या कातडीला स्वतःची राखण नसते.

पण ही गरज ठरवणार कोण? घरातलं तूप आधी कुणाच्या पानात पडतं, ते आपल्याला माहीत आहे. ट्यूब आली तर ती कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या कपाटात जाईल आणि वांगाने गाल काळवंडलेली आई "मला मेलीला काय करायचंय" म्हणेल. गटातल्या चर्चेत हा प्रश्न जरूर घ्या. क्रीमच्या निमित्ताने घरातल्या बाईच्या शरीराची किंमत किती, ते कळतं.

आणि शेवटी, कोणतंही क्रीम उष्माघात थांबवत नाही. त्याला पाणी लागतं, दुपारची सुट्टी लागते, सावली लागते. महाराष्ट्राच्या 1977 च्या रोजगार हमी कायद्याने कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि मुलांसाठी पाळणाघर मान्य केलं होतं. ते कुणी दान दिलेलं नव्हतं, दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांनी घामाने मिळवलेलं होतं. मग उसाच्या फडात दुपारी ट्रॉलीखालच्या हातभर सावलीत पोर निजवणाऱ्या बाईला ते का नको? कारखान्याने आणि मुकादमाने फडावर एक ताडपत्रीचा मांडव आणि पाण्याचा ड्रम द्यावा, ही मागणी टोळी निघण्याआधी, उचल ठरते त्याच बैठकीत व्हायला हवी.

सरकारकडेही एक मागणी आहे. सॅनिटरी नॅपकिनवरचा कर बायकांनी आवाज उठवला म्हणून 2018 साली गेला. सप्टेंबर 2025 मध्ये जी.एस.टी.चे दर बदलले, तेव्हा चेहऱ्याच्या पावडरीवरचा कर 5 टक्क्यांवर आला. सनस्क्रीन मात्र 18 टक्क्यांतच राहिलं. पावडर रोजची गरज आणि ऊन अडवणं चैन, हा हिशोब कुणी केला? निदान कोड असलेल्यांना आणि उन्हात राबणाऱ्यांना ते औषध म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हवं.

त्या पंचविशीतल्या मैत्रिणीला आम्ही दवाखान्यात नेलं. मलम हळूहळू सोडवावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. चार दिवसांनी ती टोळीबरोबर गेली. तोंडाला फडकं घट्ट बांधून, पिशवीत साधी जेली आणि गटाने वर्गणी काढून घेतलेली एक ट्यूब. माझी बाटली अजूनही माझ्या पिशवीत असते. फरक एवढाच, की आता ती मी लपवत नाही, आणि बैठक भर उन्हात भरवत नाही.

तुमच्या भागात कोणती मलमं विकली जातात? कामावर सावली मिळते का? मिळवली असेल, तर कशी? गटात बोला आणि आम्हाला लिहा. पुढच्या अंकात तुमच्या पत्रांसाठी जागा राखून ठेवत आहोत.

तुमचीच,
संपादक मंडळाच्या वतीने