पऱ्हाटीचे मोल

वऱ्हाडात कापसाची शेवटची वेचणी आटोपली की शेतात उरते ती पऱ्हाटी. थोडी चुलीत जाते, पुष्कळशी धुऱ्यावर पेटविली जाते. ज्याला कचरा समजून काडी लावली जाते, त्यातच आज विज्ञानाला धन दिसू लागले आहे.

पऱ्हाटीत आणि सरकीवरील आखूड लवेत सेल्युलोज असते. त्याचे तंतू केसाच्या जाडीच्या सहस्रांशाइतके बारीक केले की नॅनोसेल्युलोज तयार होते. वजनाच्या मानाने ते पोलादाहून बळकट असून मातीत विरूनही जाते. कागद, वेष्टने, रंग अशा अनेक वस्तूंत ते उपयोगी पडते. खनिज तेल एकदा संपले की संपले. पऱ्हाटी दरसाल उगवते.

ही विद्या परक्यांकडून उसनी आणावयाची नाही. १९२४ पासून मुंबईत कापसावर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेने २०१५ मध्ये नॅनोसेल्युलोजचा पथदर्शी प्रकल्प उभारला. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्यानाची पायाभरणी २०२४ मध्ये झाली. या तिघांची सांगड मात्र घातली गेली पाहिजे.

अडचणी आहेतच. या प्रक्रियेला पाणी आणि वीज भरपूर लागते. वऱ्हाडात पाण्याचीच वाण. म्हणूनच कमी पाण्याचे तंत्र शोधण्याचे काम इथेच व्हावे.

इंग्रजी अमदानीत वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला गेला आणि कापड होऊन परतला. नफा तिकडे राहिला, कर्ज इकडे. पऱ्हाटीच्या बाबतीत तोच इतिहास पुन्हा घडला, तर दोष परकीयांना देता येणार नाही.