हालाँगचा उपसागर व त्यावरील माणसें

उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यावर, हानोई शहराच्या पूर्वेस, हालाँग नांवाचा उपसागर आहे. १५५३ चौरस किलोमीटरांच्या त्या विस्तारांत लहानमोठीं १९६९ बेटें मोजलेलीं आहेत. त्यांतील बहुतेक चुनखडीचीं असून कित्येक इतकीं उभीं कीं, त्यांवर पाऊल ठेवावयासही जागा नाहीं. युनेस्कोनें १९९४ सालीं या स्थळास जागतिक वारशाचा मान दिला, व २०२३ सालीं शेजारच्या कातबा द्वीपसमूहाचाही त्यांत समावेश केला. अलीकडे आपल्याकडील कुटुंबेंही सुटींत तिकडे जाऊं लागलीं आहेत. तेव्हां त्या स्थळासंबंधीं आमचें मत वाचकांपुढें ठेवणें अप्रस्तुत होणार नाहीं.

हालाँग म्हणजे उतरता ड्रॅगन. परचक्र आलें असतां आकाशांतून ड्रॅगनमाता पिलांसह उतरली, तिनें मुखांतून रत्नें टाकिलीं आणि त्यांचीं बेटें होऊन शत्रूचीं जहाजें अडलीं, अशी तेथील कथा आहे. कथा गोड आहे. परंतु खरी हकीकत तिच्याहून कमी नवलाची नाहीं. कोट्यवधि वर्षांपूर्वीं समुद्रतळाशीं सांचलेल्या शंखशिंपल्यांच्या थरांची चुनखडी झाली व ती वर उचलली गेली. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित् आम्ल होतें. त्यानें भेगाभेगांतून खडक विरघळविला, दऱ्या कोरल्या, गुहा पोखरल्या. पुढें हिमयुग सरून समुद्र चढला आणि त्या दऱ्या बुडाल्या. म्हणजे आज आपण बेटें म्हणून जीं पाहतों, तीं एका बुडालेल्या डोंगराळ प्रदेशाचीं शिखरें होत! आपल्याकडे अजिंठा-वेरुळास काळा पाषाण माणसानें छिन्नीनें कोरला. येथें कारागीर पाणीच, व त्याचें काम अद्याप संपलेलें नाहीं. लाटांनीं प्रत्येक बेटाचा पायथा भरतीच्या रेषेपाशीं असा खाऊन टाकिला आहे कीं, कित्येक खडक कमरेंत आवळल्यासारखे दिसतात.

सुंग सोत गुहेंत मात्र आमचा थोडा विरस झाला. छतापासून लोंबणारे व जमिनींतून वर येणारे ते चुन्याचे स्तंभ थेंबाथेंबानें वाढले आहेत. त्यांवर रंगीत दिवे सोडून त्यांस जत्रेंतील देखाव्याचें रूप कां द्यावें, हें आम्हांस समजलें नाहीं. वाटाड्या हा खडक कासव, तो हत्ती असें दाखवीत पुढें जातो, आणि मुलें कासव शोधूं लागतात. खडक तसाच राहतो.

परंतु आमचें मुख्य म्हणणें निराळेंच आहे. या उपसागरांत पिढ्यान्‌पिढ्या कोळी पाण्यावर राहत असत. पिंपांच्या तराफ्यांवर घरें, दारांत होडी आणि कुआ वानसारख्या खेड्यांत शाळाही तरंगतीच. २०१४ सालीं सरकारनें तीनशेंहून अधिक कुटुंबें किनाऱ्यावर नेऊन वसविलीं. मुलांस नियमित शिक्षण मिळावें, पाणी स्वच्छ राहावें, तुफानांत जीव वांचावे, हीं त्यामागील कारणें. त्यांस आम्ही हंसत नाहीं. सप्टेंबर २०२४ मध्यें यागी तुफानानें त्या किनाऱ्यावरील नौका बुडविल्या व मासे पाळण्याचे तराफे मोडले, तेव्हां त्या कारणांचें वजन सर्वांस कळलें. मुलास दररोज पक्क्या शाळेंत बसतां यावें, यापेक्षां तरंगत्या घराचें चित्र मोलाचें आहे असें कोणता आईबाप म्हणेल?

तथापि पाणी स्वच्छ ठेवावयाचें म्हणून ज्यांस हलविलें, त्यांच्याच पाण्यांत आज प्रवाशांच्या शेंकडों नौका फिरतात. कोळ्यांनीं घाण केली असेल. प्रवासी करीत नाहींत काय? मासे पाळण्याच्या तराफ्यांखालील थर्मोकोलचे तुकडे जसे पाण्यावर येतात, तशाच बाटल्याही येतात, आणि बाटल्या कांहीं माशांनीं आणलेल्या नसतात. २०१९ पासून नौकांवर एकदांच वापरावयाच्या प्लास्टिकास बंदी झाली, हें योग्यच झालें. पण ज्यांस प्रत्येक खडकाचा आडोसा व प्रत्येक प्रवाहाची ओढ ठाऊक, त्यांस नुसतें वल्हें हातीं देऊन स्वस्थ बसूं नये. पहारा, वाट दाखविणें, तुफानाची सूचना या कामीं त्यांचाच हक्क पहिला, असें आमचें स्पष्ट मत आहे. पाहुण्यांच्या पैशाचा मोठा वांटा वरच्यावर मोठ्या नौकांच्या मालकांकडे जावा आणि होडी वल्हविणाऱ्या बाईनें बक्षिसाकडे डोळे लावून बसावें, ही व्यवस्था आम्हांस न्यायाची वाटत नाहीं.

कुआ वान येथें या लोकांच्या जीवनाचें एक तरंगतें प्रदर्शन आहे. तेथें मासेमारीचीं साधनें मांडून ठेविलीं आहेत, व पाहुणे त्यांचीं छायाचित्रें घेतात. बाहेर होडींत वाट पाहत बसलेली बाई पुष्कळदां त्याच खेड्यांतली असते. अमुक जाळ्यास तुम्ही काय म्हणतां, असें तिला विचारणारा पाहुणा मात्र आम्हांस विरळाच आढळला.