हवाई रुग्णवाहिका आणि रिकामे शस्त्रक्रियागृह

ऋषिकेशच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची ‘संजीवनी’ ही हेलिकॉप्टर रुग्णवाहिका २९ ऑक्टोबर २०२४ रोजी समारंभपूर्वक सुरू झाली. १७ मे २०२५ रोजी रुग्णास आणण्यासाठी गेलेले हे हेलिकॉप्टर केदारनाथला उतरताना अपघातग्रस्त झाले. आतील तिघे सुदैवाने बचावले. एका अपघातावरून योजना टाकाऊ ठरत नाही. मेंदूस मार लागलेल्या यात्रेकरूवर तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया होणे नाही. त्याला उचलून मोठ्या रुग्णालयात नेलेच पाहिजे.

प्रश्न आहे तो अडलेल्या बाळंतिणीचा. सिझेरियन, पोट उघडून करावयाची तातडीची शस्त्रक्रिया आणि उघड्या अस्थिभंगावरील उपचार हे तीन इलाज दोन तासांच्या अंतरावर मिळावेत, अशी अपेक्षा ‘लॅन्सेट’च्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ साली व्यक्त केली. आपल्याकडे त्यासाठी यंत्रणा कागदावर आहे. डोंगरी भागात ८० हजार लोकवस्तीमागे ३० खाटांचे एक सामुदायिक आरोग्य केंद्र, हा सरकारचाच निकष. महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालय म्हणतात ते हेच. परंतु केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या आकडेवारीनुसार देशभरातील या केंद्रांत शल्यचिकित्सकांची तूट ८३.२ टक्के आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची ७४.२ टक्के होती.

अर्थशास्त्रात ज्यांना पूरक वस्तू म्हणतात, तसे शस्त्रक्रियेचे आहे. शल्यचिकित्सक आला पण भूलतज्ज्ञ नाही, दोघेही आहेत पण रक्तसाठा नाही, म्हणजे झालेला सारा खर्च निष्फळ. भूलतज्ज्ञाच्या नेमणुकीसाठी फीत कापली जात नाही, ही अडचण बहुधा सर्वांत मोठी असावी!

ऑस्ट्रेलियात जॉन फ्लिन यांच्या पुढाकाराने १९२८ साली क्लॉनकरीहून पहिले वैद्यकीय विमान उडाले, ते डॉक्टरला रुग्णाकडे घेऊन गेले. आपल्या योजनांचा भर मात्र रुग्णाला गावाबाहेर नेण्यावर आहे. जे काम आरोग्य केंद्रात व्हावयाचे, तेही त्यामुळे हेलिकॉप्टरवर पडते; आणि पावसाळ्यातील ढगाळ रात्री डोंगरात हेलिकॉप्टर उडत नाही. प्रसूतीच्या वेणा हवामान पाहून येत नाहीत.

साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांना तातडीच्या प्रसूतीसाठी भूल देण्याचे १८ आठवड्यांचे प्रशिक्षण राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात पूर्वीच आखले गेले होते. असे डॉक्टर शल्यचिकित्सक वा स्त्रीरोगतज्ज्ञासह जोडीनेच नेमावेत, एकेकटे नव्हे. आणि नव्या हेलिकॉप्टरची मागणी विधिमंडळापुढे येईल तेव्हा त्याच मागणीत या जोड्यांच्या वेतनाची, निवासाची व रक्तसाठ्याची तरतूद दाखविण्यात यावी.