एक गिटार, दोन ध्वनिवर्धक

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे विद्युत्-गिटार वाजविणाऱ्या विद्यार्थ्यांत एक मागणी हटकून ऐकूं येते. ती ही कीं, एका ध्वनिवर्धकानें म्हणजे अॅम्प्लिफायरनें भागत नाहीं, दुसरा जोडावा, म्हणजे आवाज दुप्पट होईल. हा समज आम्हांस बरोबर वाटत नाहीं. ध्वनीची शक्ति दुप्पट केली तरी त्याची पातळी अवघी ३ डेसिबल वाढते. कानास आवाज दुप्पट भासण्यास सुमारें १० डेसिबलची वाढ लागते.

दुसऱ्या ध्वनिवर्धकाचा खरा उपयोग स्वराच्या रंगासाठीं आहे. एकांतून निर्मळ व दुसऱ्यांतून किंचित् खरखरीत स्वर काढल्यास स्पष्टता आणि भरदारपणा हे दोन्ही गुण साधतात. रोलंड कंपनीनें १९७५ सालीं काढलेल्या 'जाझ कोरस' यंत्राच्या एकाच पेटींत दोन ध्वनिवर्धक आहेत. एकांतून मूळ स्वर, तर दुसऱ्यांतून तोच स्वर किंचित् हेलकावत निघतो, आणि दोहोंचा मिलाफ हवेंत होतो.

येथवर सर्व ठीक. परंतु दोन्ही यंत्रें अर्थिंगला जोडलेलीं असून गिटारच्या केबलीनें एकमेकांसही जोडलीं गेलीं, कीं अर्थिंगचें वर्तुळ पुरें होऊन एकसारखी घरघर सुरू होते. ती थांबविण्यासाठीं एका प्लगची तिसरी पिन काढून टाकावी, असा सल्ला कित्येक जाणते म्हणविणारे देतात. हा सल्ला आम्ही सर्वथा त्याज्य समजतों. यंत्रांत बिघाड होऊन त्याच्या धातूच्या भागांत वीज उतरली, तर तिला जमिनींत नेणारी वाट तीच. ती तोडल्यावर दुसऱ्या यंत्राकडे जाणारी बारीक केबल एवढाच आधार उरतो. तीही निसटली, तर पोलादी तारांवर बोटें ठेवून उभा असलेला वादकच विजेची वाट बनतो. १९७२ सालीं वेल्समधील स्वान्सी येथें अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन लेस हार्वे हा गिटारवादक रंगमंचावरच मृत्यु पावला.

घरघरीवर निर्धोक उपाय आहे. गिटारचा संदेश दोन वाटांनीं पाठविणाऱ्या पेटींत एका वाटेवर लहानसा ट्रान्सफॉर्मर असावा. त्यांतून स्वर पलीकडे जातो, पण दोन यंत्रांतील तारेचा सांधा तुटतो, आणि अर्थिंग मात्र दोन्हीकडे अबाधित राहतें.

म्हणून आमचें मत असें कीं, शाळेनें दुसऱ्या ध्वनिवर्धकाआधीं ही पेटी विकत घ्यावी. ती घेण्याची ऐपत नसेल तर एकाच ध्वनिवर्धकावर संतोष मानावा. घरघर सोसवते, विद्यार्थ्याचा प्राण मात्र पुन्हां मिळत नाहीं.