ओसरीवरच्या गप्पा : खरे पत्र केरात, खोटे पत्र पाटावर



गेल्या फेब्रुवारीत चौकला जाणे झाले. हा चौक म्हणजे चार रस्त्यांचा चौक नव्हे, गावाचे नाव आहे. भाईंदर स्टेशनावरून उत्तनकडची बस धरायची, मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकायची आणि जमीन संपेपर्यंत जायचे. कागदोपत्री हे गाव मिरा-भाईंदर महानगरपालिकेत मोडते, पण त्याचे अंगण समुद्राचे. समोर वसईची खाडी, पलीकडे वसईचा किल्ला. चौकच्या बाजूलाही धारावीचा किल्ला होता. १७३९ च्या मार्चमध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला आणि मे महिन्यात वसई पडली. खाडीचे तोंड ज्याच्या हाती, आत काय येऊ द्यायचे ते त्याच्या हाती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामास येईल.

तिथे माझा एक जुना स्नेही राहतो. एक होडी, डोल जाळे आणि घरामागे थोडी भाजीची जमीन, एवढा त्याचा संसार. मी पोचलो तेव्हा वहिनी आणि सून अंगणात मासळी निवडत होत्या. डोल जाळ्याची रीत अशी, की ते भरतीओहोटीच्या ओढीत तोंड उघडे ठेवून बसते. पाण्याबरोबर येईल ते आत. बोंबील येतो, कोळंबी येते, आणि आजकाल प्लॅस्टिकच्या पिशव्याही येतात. वहिनींचा हात भराभर चालला होता. बोंबील इकडे, जवळा तिकडे, कचरा मागे.

पण घरात हसू नव्हते. चहा झाल्यावर स्नेह्याने गोष्ट सांगितली.

त्याचा धाकटा मुलगा बोटीवर नोकरी करतो. एक करार संपवून घरी आला होता आणि पुढच्या बोलावण्याची वाट पाहत होता. अशी बोलावणी आता पोस्टमन आणत नाही, ती ई-मेलने येतात. एके दिवशी ई-मेल आला, ‘आपली निवड झाली आहे. व्हिसाच्या खर्चाचे साडेअठरा हजार रुपये आज भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.’ वर जहाजाचे चित्र, खाली शिक्का आणि सही. घरात पैसे नव्हते. वहिनींनी बचत गटातून उचलून दिले. पैसे गेले आणि तो पत्ताही गप्प झाला.

एवढ्यावर भागले असते तरी बरे. पंधरा दिवसांनी मुलगा ‘स्पॅम’ नावाच्या कप्प्यात सहज डोकावला. तिथे त्याच्या जुन्या कंपनीचे खरे पत्र पडले होते. वैद्यकीय तपासणीला या, म्हणून कळवले होते. तारीख उलटून चार दिवस झाले होते. पुढचे बोलावणे यायला पाच महिने लागले.

वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, खरे पत्र केरात गेले आणि खोट्याला आम्ही पाटावर बसवले. पोरगा शिकलेला, तरी असे कसे झाले?”

मंडळी, मला त्या पोराचा राग आला नाही. त्याच्या फोनवर सहा हजारांवर न वाचलेले ई-मेल होते. कर्ज घ्या, लॉटरी लागली, वजन कमी करा, जुनी गाडी विका. एवढ्या तणात पिकाचे रोप कुणाला दिसणार? म्हणून आज या तणाविषयी बोलू.

हे तण आजचे नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात एकाच वेळी सुमारे चारशे जणांना धाडली. असल्या टपालाचा पहिला नमुना म्हणून त्याच्याकडे बोट दाखवतात. ‘स्पॅम’ हे मुळात १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या डबाबंद मांसाचे नाव. पुढे १९७० साली इंग्लंडच्या एका विनोदी कार्यक्रमात एक खाणावळ दाखवली. तिथे कोणताही पदार्थ मागा, त्यात स्पॅम असायचेच. नको असताना पानात पडते ते स्पॅम, असे नाव मग या टपालाला चिकटले. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाले आणि ही पीडाही मागोमाग आली. २००४ साली बिल गेट्स यांनी दोन वर्षांत हा प्रश्न मिटेल असे भाकीत केले होते. तो मिटला नाही, हे तुम्ही पाहताच आहात.

का मिटत नाही? हिशेब सोपा आहे. कागदाचे पत्र पाठवायचे तर पाकीट लागते, तिकीट लागते. खोटे पत्र लिहिणारे तेव्हाही होते, पण त्यांना खर्च होता. ई-मेलला तो जवळजवळ नाही. समजा, कुणी एक लाख ई-मेल सोडले. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव जणांनी ते पुसून टाकले आणि एकाने साडेअठरा हजार भरले. पाठवणाऱ्याचा दिवस सोन्याचा झाला. उद्या तो दोन लाख सोडील.

तुम्हांला गाजरगवत ठाऊक आहे. १९५५ च्या सुमारास ते पुण्याकडे नजरेस आले आणि पाहता पाहता बांधाबांधावर पोचले. ते उपटायचे ते फुलोऱ्याआधी, हे आपण शिकलो, कारण एकेका झाडाला हजारोंनी बी धरते. या टपालाचे बी म्हणजे आपले उत्तर. ‘मला नको’ असे रागावून लिहिले, तरी समोरच्याला एवढे कळते, की या पत्त्यावर माणूस राहतो आणि आलेले वाचतो. मग तो पत्ता पुढे विकला जातो. तेव्हा पहिला नियम : अनोळखी टपालाला उत्तर नाही, शिवीसुद्धा नाही. त्यातल्या निळ्या अक्षरांवर बोट नाही आणि सोबत जोडलेले काहीही उघडायचे नाही.

दुसरा नियम निवडण्याचा. कचरा नुसता पुसू नका. त्यावर ‘रिपोर्ट स्पॅम’ असे बटण असते, ते दाबा. ई-मेल चालवणाऱ्या कंपनीचे यंत्र त्यावरून शिकते. कोणत्या पत्त्यावरून आले, कोणते शब्द होते, किती जणांनी नको म्हटले, यावरून पुढचा कचरा ते परस्पर बाजूला काढते. पण यंत्र म्हणजे वहिनींचा हात नव्हे. ते चुकते. अनोळखी पत्त्यावरून, पुष्कळ जणांना एकदम गेलेले खरे पत्रही ते कचऱ्यात टाकते, आणि साध्या पत्त्यावरून एकट्याला लिहिलेले लबाडाचे पत्र सोडून देते. म्हणून आठवड्यातून एकदा स्पॅमचा कप्पा पाहाच. खरे पत्र दिसले तर ‘नॉट स्पॅम’ दाबा, म्हणजे पुढच्या वेळी ते वर येईल. जीमेलमध्ये त्या कप्प्यातले टपाल तीस दिवसांनी आपोआप नाहीसे होते. महिन्याने पाहून उपयोग नाही.

ओळखीचे दुकान, बियाण्याची कंपनी, रेल्वेचे तिकीट यांच्या जाहिराती नकोशा झाल्या, तर त्यांना ‘अनसबस्क्राइब’ म्हणजे ‘माझे नाव काढा’ म्हणायला हरकत नाही. जीमेलवर रोज हजारोंनी टपाल धाडणाऱ्यांनी नाव काढण्याची सोपी सोय द्यावी, असा दंडक २०२४ पासून आहे. पण हे ओळखीच्यांपुरतेच.

तिसरा नियम खाडीच्या तोंडाचा. घरात दोन ई-मेल पत्ते ठेवा. एक बँक, शाळा-कॉलेज, नोकरी आणि सरकारी कामासाठी. तो पत्रिकेसारखा जपा. दुसरा दुकाने, प्रदर्शने, सोडतीची कुपने यांसाठी. आपल्या स्नेह्याच्या पोराने एकच पत्ता नोकरीच्या जाहिरातीखाली, खेळाच्या ॲपवर आणि मोबाइलच्या दुकानातल्या वहीत दिला होता. तोंड सताड उघडे होते. आणखी एक. गावाच्या मंडळाचा निरोप पन्नास जणांना पाठवताना सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दाखवू नका. ‘बीसीसी’च्या ओळीत लिहिले, तर एकाला दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही. शेजाऱ्याचा पत्ता उघड्यावर टाकू नये, हाही शेजारधर्मच.

चौथा नियम ओळखीचा. पाठवणाऱ्याचे नाव वाचू नका, पत्ता वाचा. नाव कुणीही लावील, दाराला पाटी लावल्यासारखे. पत्ता उजवीकडून वाचत या. सरकारी पत्त्यांचा शेवट बहुधा ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट निक डॉट इन’ असा असतो. बँकांनी आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाखाली आणावीत, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सांगितले आणि त्याला ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. शंका आली तर पत्रातल्या दुव्याने जाऊ नका. आपल्या पासबुकावरच्या क्रमांकावर फोन करा, नाहीतर सरळ शाखेत जाऊन विचारा.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कुठे कोण बोटीवर आहे? पण लबाडाला बोट काय आणि विहीर काय, सारखेच. सौर पंपाच्या कुसुम योजनेच्या नावाने खोटी संकेतस्थळे निघाली आणि नोंदणीचे पैसे मागू लागली. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला त्याबद्दल पुनःपुन्हा इशारे द्यावे लागले. पीएम किसानचा हप्ता अडकला आहे, हे ॲप घ्या, असे सांगत व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ नावाच्या फायली फिरतात. ती फाइल फोनवर चढवली, तर आपले संदेश आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती पडू शकतात. सगळ्यांचा सूर एकच असतो : आज करा, आत्ता करा, कुणाला विचारू नका. जिथे घाई लावली जाते, तिथे हात आवरा. खरी योजना रात्रीतून संपत नाही. आणि घरात चार माणसांना विचारल्याने कुणी लहान होत नाही.

त्या पोराने विचारले असते, तर एक गोष्ट कळली असती. खलाशांसाठी २००६ साली झालेला जागतिक करार भारताने २०१५ साली मान्य केला. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि व्हिसाचा खर्च जहाजमालकाने सोसायचा, असे त्यात स्पष्ट आहे. म्हणजे व्हिसाचे पैसे मागितले, तिथेच पत्राचा खोटेपणा उघडा पडला होता. प्रत्येक धंद्यात असा एखादा नियम असतो. तो माहीत असणे हे शंभर कुलपांपेक्षा मोलाचे.

मोबाइलवरच्या नकोशा जाहिराती आणि फोन यांसाठी १९०९ हा क्रमांक आहे. तिथे आपली नापसंती नोंदवता येते, तक्रारही करता येते. २०२५ पासून व्यापारी संदेशाच्या नावामागे एक इंग्रजी अक्षर येते. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘जी’ म्हणजे सरकार. एवढे घरातल्या शाळकरी मुलाला शिकवा, तो आजीला वाचून दाखवील.

आणि पैसे गेलेच तर? लाजून घरात बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. जितक्या लवकर सांगाल, तितके ते वाटेत अडवण्याची आशा अधिक. संगणकाच्या आडून दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. माझा स्नेही मात्र पंधरा दिवस गप्प राहिला. “लोक हसतील,” म्हणाला. मी म्हटले, “बाबा, चोराने लाजावे की घरधन्याने?”

संध्याकाळी त्या पोराला घेऊन ओट्यावर बसलो. सून, वहिनी, सगळी भोवती. सहा हजारांतले कामाचे दोनशेही निघाले नाहीत. बाकीचा ढीग उपसायला दोन रात्री गेल्या. नवा पत्ता काढला, परवलीचा शब्द बदलला आणि फोनवर आकडा आल्याशिवाय पत्ता उघडू नये, अशी दुहेरी कडी लावली. वहिनी शेवटी म्हणाल्या, “हे तर मासळी निवडल्यासारखेच की! रोज केले तर अर्ध्या घटकेचे काम, सोडून दिले तर वास सुटतो.”

याहून अधिक मी काय सांगणार? आज रात्री जेवणे झाली की घरातला फोन मधे ठेवा आणि स्पॅमचा कप्पा उघडा. कुणास ठाऊक, तुमचेही एखादे खरे पत्र तिथे वाट पाहत असेल.