बंद पाकीट, उघडे डोळे

आपल्या आईच्या, सासूच्या वेळी वाण्याकडून आलेलं सामान तसंच्या तसं डब्यात कधी गेलं नाही. गहू सुपात पाखडले जायचे, डाळ परातीत पसरून निवडली जायची, रवा चाळून, हुंगून मगच भाजायला घेतला जायचा. बाईच्या हाताखालून, डोळ्यांखालून आणि नाकाखालून गेल्याशिवाय दाणा चुलीवर चढत नसे. आता सामान बंद पाकिटातून येतं. पाखडणं, निवडणं गेलं, वेळ वाचला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या सुपाची आणि चाळणीची जागा आता पाकिटावरच्या दोन ओळींनी घेतली आहे, आणि त्या ओळी नेमक्या पाकिटाच्या शिवणीवर, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत छापलेल्या असतात!

खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत आता आपल्या हाताने सामान घ्यायची मोठी दुकानं झाली आहेत. वाण्यासमोर यादी वाचत उभं राहायला नको, भाव डोळ्यांसमोर लिहिलेले, नको ते परत ठेवता येतं. बायकांना ही दुकानं आवडतात ती उगीच नाही. पण अशा दुकानात माल येतो तो ढिगाने, आणि रॅकवर तो लावतात पगारी मुलं-मुली. नवा माल मागे आणि जुना पुढे, ही खरी रीत. घाईत नेमकं उलटं होतं. नवी पाकिटं पुढे लागतात, जुनी मागे सरकतात आणि महिनोन् महिने तिथेच राहतात. मग एखाद्या सणाला पुढचा माल संपला की मागचं पाकीट आपल्या टोपलीत येतं.

‘एकावर एक मोफत’ हाही प्रकार जरा पारखून घ्यावा. मुदत संपत आलेला माल दुकानदार स्वस्तात काढतो. मुदत बाकी असेल तर त्यात गैर काही नाही, उलट लगेच वापरायचं असेल तर आपलाही फायदाच. पण पंधरा दिवस उरलेले सॉसचे दोन मोठे बुधले चार माणसांच्या घरात संपायचे कसे, हा हिशेब पैसे देण्याआधी करायला हवा.

आता यंदाच्या आषाढी एकादशीच्या वेळची गोष्ट सांगते. आमच्या गावातल्या एका मोठ्या दुकानातून भगरीच्या पिठाची दोन पाकिटं आणली. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. पीठ डब्यात ओतण्याआधी तारीख वाचायची माझी सवय आहे. पाहते तर मुदत तीन महिन्यांपूर्वीच संपलेली! बिल पर्समध्येच होतं. दोन्ही पाकिटं न फोडता तशीच पिशवीत घातली आणि निघाले.

शेजारच्या काकू दारातच होत्या. म्हणाल्या, “जाऊ दे वं माय, एवढ्याशा पैशासाठी कायले वाद घालतं? उन्हातान्हात जाशील, अन् वर चारचौघांत तमाशा.” काकूंचं म्हणणं वावगं नव्हतं. आपल्यातल्या पुष्कळ जणी इथेच अडतात. गाव लहान, दुकानदार नवऱ्याच्या ओळखीचा, ‘शिकलेली बाई भांडकुदळ’ असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. पाकीट उकिरड्यावर फेकलं की घरापुरता विषय संपतो. पण रॅकवरची बाकीची पाकिटं कुठे संपतात?

दुकानात काउंटरवरची मुलगी लगेच म्हणाली, “मॅडम, बदलून घ्या ना.” मॅनेजर आले. तेही गोड बोलले, “ताई, दोन नवी घ्या आणि एक वर तसंच घेऊन जा. कशाला वाढवता?” तीन पाकिटं घेऊन घरी यायला हरकत नव्हती. मी म्हटलं, “मला वरचं पाकीट नको. आधी रॅक बघू या.” रॅकवर त्याच बॅच नंबरची आणखी नऊ पाकिटं निघाली. एक तर एका आजीबाईंच्या टोपलीतच होतं. त्यांना अक्षरओळख नव्हती. वारीहून परतणाऱ्यांना फराळाचं द्यायचं म्हणून त्या ते नेत होत्या.

मॅनेजरांचा सगळा राग मग त्या मुलीवर निघाला. “हिच्या पगारातून कापतो,” म्हणाले. हे मात्र मला पटलं नाही. दिवसभर उभं राहून तुटपुंज्या पगारावर काम करणारी पोर ती. गोदामात काय पडलंय, हे बघायचं काम तिचं एकटीचं नाही. मी तिथेच कागद मागून घेतला, तक्रार दुकानाच्या मालकांच्या नावे लिहिली आणि नकलेवर शिक्का-सही घेतली. ‘माल लावणाऱ्या कामगारांकडून दंड वसूल करू नये’ असंही एक वाक्य त्यात घातलं. ती नऊ पाकिटं माझ्यादेखत खाली उतरली, आजीबाईंना ताजं पीठ मिळालं. पुढच्या महिन्यात गेले तेव्हा भगर नवी होती आणि ती मुलगीही कामावर होती. फक्त खालच्या कप्प्यातल्या कस्टर्डच्या डब्यांची मुदत उलटून गेली होती. मग दुसरा अर्ज! या वेळी कागद मागावा लागला नाही, त्यांनी आपण होऊनच पुढे केला.

भगरीबद्दल मी एवढी हट्टाला का पेटले, तेही सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला, हरिनाम सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसांना विषबाधा झाली. दवाखान्यात जागा पुरेना, तेव्हा बाहेर दोऱ्या बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या. ते मुदत संपलेल्या मालामुळे झालं, असं मी म्हणत नाही. पण भगरीवर दमट हवेत एक बुरशी धरते, तिचं विष शिजवूनही जाईलच असं नाही, आणि पीठ करून ठेवलं की धोका वाढतो. म्हणूनच अन्न व औषध प्रशासन सणासुदीला सांगत असतं, की भगर सुटी घेऊ नका, बंद पाकिटातली घ्या, पॅकिंगची आणि मुदतीची तारीख बघा, आणि पीठ लागेल तेवढंच ताजं दळा. एकादशीला घराघरांत एकच पदार्थ एकाच दिवशी शिजतो. म्हणून तिथली चूक एका घरापुरती राहत नाही.

आता पाकिटावरच्या शब्दांकडे वळू. ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ लिहिलं असेल, तर त्या तारखेनंतर तो पदार्थ विकायचाच नाही, असा नियम आहे. ‘बेस्ट बिफोर’चा अर्थ थोडा वेगळा. त्या तारखेपर्यंत चव, वास, कुरकुरीतपणा उत्तम राहील, एवढीच ती हमी असते. ती उलटली म्हणजे पदार्थ विषारी झाला असं नव्हे. घरच्या डब्यातली बिस्किटं दोन दिवसांनी घाबरून फेकून देऊ नयेत. पण पूर्ण पैसे मोजून तसला माल दुकानातून घ्यायचंही कारण नाही. काही पाकिटांवर फक्त ‘पॅकिंगपासून सहा महिने’ एवढंच असतं. तिथे बोटांवर मोजावं लागतं. पॅकिंग फेब्रुवारीतलं तर ऑगस्ट ही शेवटची कड. शाळेत मी सहावीच्या मुलींना महिन्यांचा हिशेब अशी रिकामी पाकिटं देऊनच घालते. आता त्या घरी आईच्या पिशवीतलं सामान आधी तपासतात!

तारखेइतकीच साठवणही महत्त्वाची. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. पत्र्याच्या गोदामात पडलेलं बेसन, शेंगदाणे, सुका मेवा मुदतीच्या आतही खवट होतो. वीज गेली की लोणी-चीजच्या फ्रिजचं काय होतं, ते आपण जाणतोच. म्हणून फुगलेलं पाकीट, फुगलेला डबा, विरघळून पुन्हा गोठलेलं लोणी, एका तारखेवर दुसरी चिकटवलेली पट्टी, यांतलं काही दिसलं तर तारीख कितीही पुढची असो, घेऊ नये.

आपल्या बाजूने कायदा काय म्हणतो? अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा आहे. त्याच्या २७व्या कलमाप्रमाणे मुदत संपलेला पदार्थ विकल्यास विकणारा जबाबदार धरला जातो. ‘कंपनीने तसंच पाठवलं’ हे उत्तर चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, जुलै २०२० पासून लागू झालेला. बिल न देणं ही त्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा तशीच. बिलावर मुदत लिहिली नसेल तर परत घेण्यासाठी तीस दिवस धरले जातात. तेव्हा ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सडलेल्या मालाला झाकणारी नाही, हे लक्षात ठेवावं.

तक्रार करायची ती या क्रमाने करावी :

१. पाकीट फोडू नये, फेकू नये. तारीख, बॅच नंबर आणि बिल यांचे फोटो काढून ठेवावेत. बिलाची शाई उन्हात उडते, म्हणून बिलाचा फोटो त्याच दिवशी घ्यावा.

२. आधी दुकानात जावं. आवाज चढवू नये, पण बोलणं लेखी करावं. नकलेवर तारीख, सही, शिक्का घ्यावा.

३. दुकानाने दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा. तो फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

४. खाद्यपदार्थाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. त्यांचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. दुकानाचा चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक बिलावर किंवा भिंतीवर असतो, तो टिपून ठेवावा.

५. एवढ्यानेही भागलं नाही, किंवा खाऊन कुणी आजारी पडलं, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावायलाच हवा असंही नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो. आजारपण असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांची बिलं जपून ठेवावीत.

अर्जाचा मसुदा पुष्कळ जणींना अवघड वाटतो. हा उतरवून घ्या :

‘प्रति, मालक / व्यवस्थापक, (दुकानाचे नाव व पत्ता). विषय : मुदत संपलेला खाद्यपदार्थ विकल्याबाबत. महोदय, दिनांक … रोजी बिल क्रमांक … अन्वये मी आपल्या दुकानातून … हा पदार्थ रुपये … ला विकत घेतला. पाकिटावरील बॅच नंबर … असून मुदत दिनांक … रोजी संपलेली आहे. पाकीट न उघडता सोबत दाखवीत आहे. कृपया रक्कम परत करावी, याच बॅचचा सर्व माल विक्रीतून काढावा आणि केलेली कार्यवाही सात दिवसांत लेखी कळवावी. अन्यथा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी लागेल. आपली, (नाव, सही, दिनांक).’

पाकीट दुकानातच ठेवून घेऊ लागले तर तशी पोच लिहून घ्यावी. पुरावा हातचा सोडू नये.

आपल्याकडे हे काम बायकांनीच सुरू केलेलं आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. १९६६ मध्ये मुंबईत काही गृहिणींनी पुढाकार घेऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली. १९७२-७३ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिच्यामार्फत शेजारपाजारची कुटुंबं एकत्र येऊन महिन्याचं सामान घेऊ लागली, आणि मालाची पारख करण्यात गृहिणींचा वाटा मोठा होता. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा आला तो त्यानंतर, १९८६ मध्ये.

लाटणी घेऊन निघायची वेळ आज आपल्यावर नाही. एक कागद, एक पेन आणि दहा मिनिटं एवढंच लागतं. भिशीत, हळदीकुंकवात हा विषय काढा. ज्यांना वाचता येत नाही, ज्यांची नजर अधू झाली आहे, त्यांच्या टोपलीतली तारीख रांगेत उभं असताना वाचून दाखवा. आपली दोन पाकिटं बदलून मिळणं सोपं आहे. मागच्या रांगेतल्या नऊ पाकिटांसाठी मात्र कुणीतरी थांबून बोलावं लागतं.